पाइप फुटला नव्हता

माझ्या माहेरी पाणी पडल्याचा आवाज आला की माणसं आभाळाकडे बघत नाहीत, पाइप बघायला पळतात. माहेर जुन्नरकडं, आणे गावच्या पठारावर, डांबरी रस्ता सोडून बरंच आत, जिथं जमीन संपते आणि कडा लागतो तिथं. खालच्या गावांना नदी आहे, कालवे आहेत, उसाचे मळे आहेत. वर पाणी येतं ते खालून उपसून, नळयोजनेच्या पाइपातून, आणि तेही त्याच्या मर्जीनं. त्यामुळे कुठं पाणी वाहताना ऐकू आलं तर ते पाइपातलंच असणार, वाया चाललेलं असणार आणि कुणीतरी जाऊन ते बांधायला हवं, हे लहानपणापासून आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

बांधायचं काम माझ्या धाकट्या भावाचं. तो ग्रामपंचायतीचं पाणी सोडतो. पाइपाचा वॉल फिरवायचा, कुठल्या आळीला किती वेळ पाणी गेलं ते बघायचं, बायकांची बोलणी खायची आणि लाइन फुटली की पाना आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या खांद्यावर टाकून निघायचं. बाकी वेळात शेळ्या आणि थोडी ज्वारी. दिसायला बरा, व्यसन नाही, भांडण नाही. पस्तिशी जवळ आली तरी लग्न जमत नव्हतं, कारण पठारावर मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं. स्थळाकडचे पहिला प्रश्न पाण्याचा विचारत आणि दुसऱ्या प्रश्नापर्यंत बोलणं पोचत नसे. सुरुवातीला तो नव्या शर्टाची घडी मोडायचा. पुढं पुढं पाहुणे यायचे असले तरी शेळ्यांकडेच थांबायला लागला.

त्या वर्षी पावसानं गणपतीपर्यंत तोंड दाखवलं नाही आणि मग राहिलेलं सगळं एकदम उरकून घेतलं. पितृपंधरवडा चालू होता. आजीचं पित्र घालायचं म्हणून मी सासरहून, निमगाव सावाहून, माहेरी आले होते. खालच्या पंपाची वीज गेलेली, त्यामुळे बाहेर धो धो पाऊस आणि नळ कोरडा, अशी गंमत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला आणि दक्षिणेच्या कड्याकडून एक घुमणारा आवाज यायला लागला. तो थांबेना. आळीतल्या बायका आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लाइन फुटली म्हणून नळाला पाणी नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. वडिलांचंही तेच मत. पंप बंद असताना पाइपात पाणी येईल कुठून, असं भाऊ एकदा म्हणाला, पण सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यालाही आपलं चुकत असावं असं वाटलं. पाना घेऊन तो निघाला.

तिन्हीसांजेला परत आला तो चिखलानं माखलेला, कोपर खरचटलेलं आणि चेहरा असा की आईला वाटलं साप बघितला असणार. वडिलांनी विचारलं, सापडलं का फुटलेलं.

"पाइप फुटला नव्हता," तो म्हणाला.

"मंग पाणी कुणाचं?"

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या गावात विचारला गेला असता का, मला शंका आहे. भावानं थोडा विचार केला. "आपलंच हाय, आबा," तो म्हणाला. "आपल्या वढ्याचं."

आमच्या रानाच्या कडेनं एक ओढा जातो. ओढा म्हणायचं एवढंच. वर्षातले दहा महिने त्यात शेळ्या चरतात. तो पुढं कड्यापर्यंत जातो आणि तिथं खाली पडतो, हे गुराख्यांपासून सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून माझ्या भावानं धबधबा शोधला असं म्हणणं जरा जास्तच होईल. पण तो पडतो कसा, हे कुणी समोर उभं राहून पाहिलेलं नव्हतं. वरून बघावं तर घाणेरीची झुडपं आणि निवडुंग, पुढं सरळ कडा. खालून यावं तर फॉरेस्टचं रान आणि वाट नाही. शिवाय जे पाणी पठार सोडून गेलं त्याच्या मागं जायचं कशाला, असाही एक विचार त्यात असणार.

दुसऱ्या दिवशी पित्र झालं, कावळ्यानं घास घेतला, आणि दुपारी मी भावाबरोबर निघाले. लग्न झालेली बाई कड्यात उतरते म्हणून आई पुटपुटत राहिली. आम्ही पाइपलाइनच्या कडेनं बरंच खाली गेलो आणि एका वळणावर लाइन सोडून डावीकडच्या घळीत शिरलो. आत मोठमोठे दगड, त्यांवर शेवाळ. भाऊ पुढं जाऊन पाय ठेवायची जागा दाखवायचा आणि मी तिथंच पाय ठेवून घसरायचे. करवंदीच्या जाळीला धरायचं, मग हातातले काटे काढायचे, असं चाललं होतं. आवाज वाढत गेला. एका ठिकाणी तो इतका वाढला की भाऊ तोंड हलवतोय आणि मला काही ऐकू येत नाही अशी पाळी आली. घळ उजवीकडे वळली आणि समोर कडा आला.

मी नाणेघाटाकडचे धबधबे पाहिलेत, सहलीच्या गर्दीत उभं राहून. हे तसं नव्हतं. काळा कातळ थराथरांनी वर गेलेला आणि पाणी त्यावरून तीन टप्प्यांत पडत होतं. सगळ्यात वर ते एका चिरेत अडकून बारीक आणि जोरात बाहेर येत होतं. मधल्या टप्प्यावर अख्ख्या कड्याची रुंदी घेऊन पसरत होतं. तिथून तिसऱ्या उडीला खाली डोहात. पाणी पांढरं नव्हतं, चहाच्या रंगाचं होतं. माती आमच्याच रानातली. मी किती वेळ बघत उभी होते ते सांगता येणार नाही. आनंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर रागही आला होता. आईनं डोक्यावरून हंडे वाहिले ती सगळी वर्षं हे इथं दरसाल असं पडत होतं.

पुढच्या दोन दिवसांत आम्ही तो धबधबा पालथा घातला. मधल्या टप्प्याच्या मागं कातळ आत गेलेला आहे, गोठ्याएवढी जागा. बाजूच्या थरावरून रांगत तिथं जाता येतं. आत खाली कोरडी माती, साळिंदराचे काटे आणि वर पारव्यांची घरटी. पाणी आमच्या समोरून पडत होतं आणि पलीकडची शेतं त्यातून हलताना दिसत होती. भाऊ कातळावर तळहात फिरवत होता. पाइपाला चीर कुठं गेलीय ते तो असंच बघतो. डोहात त्यानं विहिरीचा दोर दगड बांधून सोडला, पाचेक परस, म्हणजे पाच माणसं उभी राहतील एवढा तरी असेल, पण दोर संपला आणि दगड टेकला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वरून गेलो. निवडुंग तोडून त्यानं कडेपर्यंत वाट केली आणि पालथं पडून खाली डोकावला. मी त्याचे पाय धरून बसले होते, म्हणजे तो गेला असता तर मीही गेलेच असते. वर आल्यावर तो लहानपणी हसायचा तसा हसला. त्याला तसं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ स्टेटसला ठेवला. कुणीतरी तो उचलला, त्यावर गाणं चढवलं आणि जुन्नरचा गुप्त धबधबा म्हणून तो फिरायला लागला. तो फिरत फिरत लोणीजवळ राहणाऱ्या माझ्या मामापर्यंत पोचला. मामाला लग्नं जमवायची हौस. लोणीतल्या एका घरी त्यानं तो दाखवला. त्यांची मुलगी लग्नाची, मंचरला एका मेडिकलच्या दुकानात कामाला. तिच्या वडिलांनी विचारलं, एवढं पाणी आहे का तिकडं. मामा म्हणाला, डोळ्यानं बघताय की. एवढंच म्हणालो, खोटं एक अक्षर बोललो नाही, असं तो नंतर शपथेवर सांगायचा.

पाहुणे घर बघायला यायला तयार झाले. पण पितृपंधरवड्यात स्थळ बघत नाहीत. घट बसेपर्यंत थांबायला हवं होतं. आणि पाऊस थांबला होता.

मी निमगावला परत आले आणि रोज संध्याकाळी फोन करायला लागले. पाणी किती आहे, असं विचारायचं. भाऊ लाइन बघायला जातो असं सांगून रोज घळीत उतरत होता. मांडीएवढं हाय, तो म्हणायचा. मग मनगटाएवढं. घट बसले त्या दिवशी म्हणाला, करंगळीएवढं. आणि गप्प बसला. दर स्थळाला तोंडदेखलं हो म्हणणारा माझा भाऊ या वेळी आशा धरून बसला आहे, हे मला त्या गप्प बसण्यावरून कळलं. मामानं त्याला मुलीचा फोटो पाठवला होता.

उपाय मामानंच काढला. तू पाणी सोडणारा ना, मग सोड, असं तो भावाला म्हणाला. दर वर्षी पावसाळा संपताना गावोगाव सिमेंटच्या पोत्यांत माती भरून ओढ्याला बांध घालतात, तसाच कड्याच्या वर घालायचा. चार दिवस पाणी तुंबवायचं आणि पाहुणे समोर उभे राहिले की पोती ओढायची. मला हे फोनवर कळलं तेव्हा मी मामाला बरंच बोलले. भाऊ मात्र काही न बोलता पोती भरायला गेला. पोती ओढायचं काम वडिलांकडे आलं, कारण कड्यावर नुसतं बसून राहायला बाकी कुणी रिकामं नव्हतं. खालून मामानं पांढरा रुमाल हलवला की ओढायचं, असं ठरलं.

पाहुणे आले तेव्हा मी माहेरी होते. मुलगी, तिचे वडील आणि चुलते. वडील उंच, वाळलेले, बोलणं कमी. त्यांची जमीन कालव्याच्या अगदी शेवटी, जिथं पाळीचं पाणी पोचलं तर पोचलं. आईनं पाणी दिलं ते तांब्या आणि वेगळं भांडं असं. आमच्याकडे पेला भरून देत नाहीत, हवं तेवढंच ओतून घ्यायचं. मुलीनं अर्धं भांडं ओतलं, सगळं प्यायली आणि भांडं पालथं ठेवलं. मला ती तिथंच आवडली. ऊन चढायच्या आत धबधबा बघून येऊ, अशी मामाची घाई चालली होती.

घळीत उतरताना ती चपला हातात घेऊन माझ्याहून चपळ चालत होती. भाऊ पाय ठेवायची जागा दाखवत होता आणि ती तिथं पाय ठेवत होती, न घसरता. आम्ही वळणावर पोचलो. कडा जवळजवळ कोरडा, काळा, मधूनच ओल. आत्ता दाखवतो, असं म्हणत मामानं घाम पुसल्यासारखं करून रुमाल हलवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वरच्या चिरेत खळखळलं आणि पाणी आलं.

ते आलं मात्र दणक्यात. तिन्ही टप्पे पांढरेशुभ्र झाले, चार दिवस निवळलेलं पाणी होतं ना. तुषार आमच्या तोंडावर आले. चुलते अरे वा म्हणाले आणि मोबाइल काढायला लागले. मामा छाती काढून उभा होता. मुलीच्या वडिलांनी वर पाहिलंच नाही. ते डोहाकडे बघत होते. पाण्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर वाळकी पानं, काटक्या, शेळ्यांच्या लेंड्या आणि फेस असं सगळं आलं होतं आणि डोहात गोल फिरत होतं. कालव्याला पाणी सुटलं की त्याच्या तोंडाशी असाच कचरा येतो. ज्यानं आयुष्यभर कालव्याच्या चारीवर बसून त्या कचऱ्याची वाट पाहिली त्याला तो ओळखता येणारच.

"पाणी कुणी सोडलं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मामा खोकला. मी डोहात बघितलं. भाऊ म्हणाला, "आमच्या आबांनी. वर बांध घातलाय, मीच घातला."

आणि ती मुलगी हसली. चेष्टेनं नाही, मनापासून, तोंडाला पदर लावून. भावालाही हसू आलं. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते, मागं पाणी पडत होतं, आणि मला वाटलं, जमलं. तिच्या वडिलांच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी विचारलं, पावणं, तुम्ही गावाचं पाणी सोडता ना, उन्हाळ्यात किती दिवसांनी सोडता. मामा पुन्हा खोकला. भाऊ म्हणाला, आठ दिवसांनी, कधी दहा, आणि चैत्रापासून टँकर. त्यांनी मान हलवली. एवढ्यात वरचं पाणी ओसरायला लागलं. परत फिरेपर्यंत ते पुन्हा ओलीवर आलं होतं.

वर येताना ती माझ्याबरोबर मागं राहिली.

"ताई, तुमी कुटं असता?"

निमगाव सावाला, मी म्हणाले.

"घरात नळ हाय?"

दोन आहेत, मी सांगितलं. एक मोरीत आणि एक गोठ्यात.

"माणूस लई चांगला हाय," ती म्हणाली. "खोटं बोलता येत व्हतं, न्हाई बोलले. पण माझ्या आईला आता मान वळवता येत नाय, ताई. हंडे वाहून. मला परत त्येच करायचं नाय."

खोटं काही सुचलं असतं तरी मी बोलले नसते, आणि खरं बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. मी तिच्या हातातल्या चपला घेतल्या, तिला पदर खोचायला मोकळा हात हवा होता म्हणून.

घरी पोहे झाले, चहा झाला, आणि कळवतो असं सांगून पाहुणे गेले. कळवतो म्हणजे काय हे आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ होतं. त्यानंतर वडील कड्यावरून आले. गुडघ्यापर्यंत भिजलेले, धोतराचा सोगा चिखलात. त्यांना तिथून खालचं काही दिसलं नव्हतं. ओसरीत टेकले आणि त्यांनी आधी हेच विचारलं, वेळेवर गेलं का पाणी, दिसलं का त्यांना नीट.

"लई भारी दिसलं, आबा," भाऊ म्हणाला.

संध्याकाळभर मामा आणि आई त्या मुलीला बोलत राहिले. चार पैसे मिळवायला लागल्या की पोरी शेफारतात, मोठ्यांपुढं फिदीफिदी हसते, वळण नाही, बाप तिच्या मुठीत आहे. हे बोलणं मी प्रत्येक स्थळानंतर ऐकलेलं होतं. बोलल्यानं आईला बरं वाटत असावं. भाऊ शेळ्या बांधून आला आणि न जेवता झोपला.

सकाळी तो मला मोटारसायकलवर बेल्ह्यापर्यंत सोडायला निघाला. घाटात एका वळणावर त्यानं गाडी बाजूला घेतली. खाली उसाचे हिरवे तुकडे दिसत होते. गाडीला काही झालंय असं मला वाटलं.

"आक्का, एक इचारू?" तो पुढंच बघत म्हणाला. "तुला पठारावरचंच स्थळ आलं असतं, माझ्यासारखा कुणी, चांगला असता. तर तू हो म्हणली असतीस?"

मागून मला त्याची फक्त मान दिसत होती. त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं असं फार वाटलं. मी त्याची थोरली बहीण, त्याला कडेवर घेऊन टँकरपाशी उभी राहिलेली. पण आदल्या दिवशी त्यानं डोहाशी उभं राहून जे केलं ते पाहिल्यावर माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली.

"मंग घरी सांग त्यांना," तो म्हणाला, "तिला नावं ठिवू नका म्हणावं."

आणि त्यानं गाडीला किक मारली.